खोडलेले तीन महिने

आधी माफी मागतो. मासिकात लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. आमच्या घरी साधं पोस्टकार्डसुद्धा मास्तरांकडून लिहून घ्यायचे. मी चौथीत गेल्यावर वाडीतली सगळी पत्रं माझ्याकडे आली, माझं लेखन म्हणजे तेवढंच. तेव्हा तुमच्या सदरात मी काही लिहिणं हे जरा अतीच होतंय, मला कळतं. पण गेल्या महिन्यात एक पत्र आलं आणि तेव्हापासून हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये...

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नव्हता म्हणण्यापेक्षा, ठेवायची मुभाच नव्हती. आम्ही महाडकडचे. गावात बौद्धवाडीत घर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा, अंगारा, उतारा सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं. त्यानंतर कुणी भूत हा शब्द काढला तर वडील त्याला ताटावरून उठवायचे. आणि माझे मामा म्हणायचे, "असलं सोडलं म्हनून आपन मानसात आलो." हे वाक्य पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज वाशीला, इमारत इतकी नवी की वरच्या मजल्याला प्लास्टर नव्हतं आणि खाडीचा वास थेट वर्गात यायचा. तेव्हा न्यू बॉम्बे म्हणायचे. राहायला मी मामांकडे, तुर्भ्याच्या वस्तीत. एक खोली, मामा, मामी, मामेबहीण सुनंदा आणि मी. मामा तिथल्याच एका कारखान्याच्या फाऊंड्रीत मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करून त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं काम. त्यांच्या पगारातून माझी फी जायची. घरी ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, म्हणून मला जास्तच जाणवायचं.

आम्हाला एक पेपर होता — धंद्यातल्या निर्णयासाठी अकाउंटिंग आणि फायनान्स. त्याला प्रोजेक्ट लागायचं. एखाद्या खऱ्या कारखान्यात जायचं, खरे आकडे आणायचे आणि एक निर्णय द्यायचा. नाडकर्णी सर शिकवायचे. हुशार माणूस, पण जिभेला धार.

"भास्करराव," मला ते मुद्दाम 'राव' लावायचे, "पोतंभर आकडे आणलेत. निर्णय कुठाय? आकडे काय, वाण्याकडंही असतात."

वर्ग हसायचा. मीही हसायचो, दुसरं काय करणार. पण ते खरं होतं. मला निर्णय देता येत नव्हता. 'असंही म्हणता येईल, तसंही म्हणता येईल' असं लिहून मी उत्तर संपवायचो. आमच्याकडे निर्णय नेहमी दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असायचा, त्यामुळे सवयच नव्हती.

मामांनी वर्क्स मॅनेजरला विचारून मला त्यांच्याच कारखान्यात प्रोजेक्ट मिळवून दिलं. प्रश्न असा : कास्टिंग, म्हणजे साच्यातले ओतीव भाग, स्वतःच्या फाऊंड्रीत ओतावं, की फाऊंड्री बंद करून बाहेरून विकत घ्यावं? मॅनेजर म्हणाले, "वरचे लोक तसाही हाच विचार करतायत. तुमचा रिपोर्ट बरा झाला तर एक कॉपी द्या, मी वर पाठवीन."

त्या संध्याकाळी मामा चहा पिताना एवढंच बोलले, "नऊ मानसं हाव आमी. नऊ घरं. बघ बाबा."

जानेवारीचा पहिला आठवडा होता, बुधवार. फाऊंड्रीतल्या माणसांचे आणि तासांचे आकडे टाइम ऑफिसातून घ्यायचे होते. टाइम ऑफिस म्हणजे गेटाच्या आत डाव्या हाताला एक पत्र्याची खोली. बाहेर कार्ड पंच करायचं मशीन, शेजारी भिंतीवर कार्डांचे कप्पे. दुपारी साडेबाराचा भोंगा झाला, सगळे डबे घेऊन कडेच्या झाडाखाली गेले. लख्ख ऊन. समोरच्या रस्त्यावर खडीच्या ट्रकांची रांग होती. हे एवढ्यासाठी सांगतोय की अंधार, सामसूम असलं काहीही नव्हतं.

दार उघडं होतं. आत टेबलाशी एक म्हातारा बसला होता. खाकी कोट, चष्म्याच्या एका काडीऐवजी दोरा कानाला बांधलेला. समोर हजेरीचं मस्टर उघडं. मी दारात उभा राहिलो. त्याने वर पाहिलं नाही.

"कोन रं तू?"

मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, मॅनेजरसाहेबांची परवानगी आहे म्हणालो.

"कनचा सायेब? आमी जल्मापासून हितं हाव. मिठागर व्हता तवापासून. तुज्या सायबाला कोन वलखतंय?" सानपाड्याच्या गावातली, मिठागरावरची जुनी माणसं असं बोलायची, मला ती बोली ऐकून माहीत होती. "काय पायजे?"

"फाऊंड्रीचे आकडे. शिकायला आलोय, काका."

"काका नको बोलू. काय शिकतंस? बंद कसा करायचा त्ये?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. इतकं वाईट माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही... गावातल्या वरच्या आळीतल्या लोकांनीसुद्धा नाही. रागात निदान माणूस समोरच्याला माणूस धरतो. हा माझ्याकडे चुकलेल्या बेरजेकडे बघावं तसं बघत होता.

"बस. काड कागद. महिनाअखेरची मानसं सांगतो. येकदाच सांगनार."

माझ्याकडे कॉलम आखलेला मोठा कागद होता. आर्थिक वर्षाचे बारा महिने, एप्रिल ते मार्च, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने. 'बजेट', म्हणजे जे होईल असं ठरवलंय ते. आणि 'अ‍ॅक्चुअल', म्हणजे जे प्रत्यक्ष झालं ते. मी अ‍ॅक्चुअलमध्ये लिहायला लागलो.

"येप्रिल, नऊ. मे, नऊ. जून, नऊ..."

तो भरभर सांगत होता, माणसं आणि तास. मी मान खाली घालून लिहीत होतो. थांबवायची छाती नव्हती. एका ठिकाणी मात्र हात अडखळला.

"फेबरवारी, आठ."

"आठ का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मानूस कमी झाला का आठच ऱ्हातान. लिव."

लिहिलं.

"मार्च. कोन नाय."

"म्हणजे शून्य?"

"तुमच्यात काय बोलतान त्ये तू बग. कोन नाय." मग त्याने कागद माझ्या हाताखालून ओढला. कोटाच्या खिशातून जांभळी, ओली केली की शाईसारखी उमटणारी कॉपिंग पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि प्रत्येक आकड्यापुढे एक बारीक टिक करत खालपर्यंत गेला. "तुजा मामा कितव्या नंबरचा?"

माझे मामा इथे आहेत हे मी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा ते लक्षातही आलं नाही. शाळेत विचारल्यासारखं मी उत्तर दिलं, "सात नंबरचा बिल्ला."

"सात," तो म्हणाला. "बरा." आणि मस्टरचं पान उलटलं. मी उठलो. पाठीमागून म्हणाला, "बंद लिव. आजच लिव."

हे वाचताना तुम्हाला चूक कधीच कळली असेल. मला ती घरी येऊन, हातपाय धुऊन, कागद जमिनीवर पसरल्यावर कळली. जानेवारीचा पहिला आठवडा चालू होता... आणि माझ्या कागदावर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन महिन्यांचे अ‍ॅक्चुअल आकडे होते.

आता खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला माझीच लाज वाटली. म्हातारा बजेट सांगत होता आणि मी घाबरून चुकीच्या रकान्यात लिहिलं, असं मी धरलं. दुसरा कुठला विद्यार्थीही हेच धरेल. मी ते तीन आकडे शेजारच्या बजेटच्या रकान्यात उतरवले आणि मोकळा झालो. अडचण फक्त टिकांची होती. ज्यांनी हिशेबाचं काम केलंय त्यांना माहीत असेल, टिक ही तपासून झालेल्या आकड्याला करतात. जे अजून व्हायचंय त्याला कुणी टिक करत नाही. तपासणार कशाशी?

दुसऱ्या दिवशी खात्री करायला गेलो. टाइम ऑफिसात एक तरुण क्लार्क होता, त्याने मला खुर्ची दिली, चहा विचारला. म्हणाला, "काल? काल मी रजेवर होतो. ऑफिसला कुलूप होतं. चावी माझ्याकडेच असते."

"एक म्हातारे होते. खाकी कोट, चष्म्याला दोरा..."

"असा कोणी नाय आपल्याकडे. यार, दुसऱ्या कंपनीत तर नाय गेलात?" तो हसला. मग त्याने मस्टर काढून आकडे वाचून दाखवले. एप्रिल ते डिसेंबर, माझ्या कागदाशी तंतोतंत जुळले. माणसं जुळली, तासही जुळले. पुढचे तीन महिने कोरे होते. त्या जागी काही येणार असेल तर ते अजून यायचं होतं.

वॉचमनला विचारलं, जेवायला बसलेल्या लोकांना विचारलं. आदल्या दुपारी त्या दारात मला पाहिलेला एकजण होता. तो म्हणाला, "तू बंद दारासमोर उकिडवा बसून कायतरी लिवत व्हतास. आमी म्हनलं, शिकलेली मानसं अशीच असत्यात."

मग मला भीती वाटली.

रिपोर्टला दोन आठवडे होते. गणित सोपं होतं. नऊ माणसं बारा महिने धरली तर कास्टिंग घरीच ओतणं थोडं स्वस्त पडत होतं. म्हाताऱ्याचे तीन महिने धरले तर मार्चमध्ये माल शून्य, खर्च तोच, म्हणजे फाऊंड्री लगेच बंद करा असं उत्तर येत होतं. तीन आकड्यांवर सगळा निर्णय. आणि त्या तीन आकड्यांना आधार काय? दोरा बांधलेला चष्मा.

शेवटी मी मामांना सांगितलं. रविवारी दुपारी, मामी पाण्याला गेल्यावर. कागद दाखवला, टिका दाखवल्या. सात नंबरचं विचारलं तेही सांगितलं. मामा कागद हातात न घेता ऐकत होते. मला वाटलं हसतील.

"भास्कऱ्या," ते म्हणाले, "ह्यासाठी शिकवतोय तुला? आजोबानं नदीत सोडलं, ते तू कालेजात जाऊन परत घेऊन आलास?"

"मामा, आकडे जुळले हो..."

"जुळले तर जुळले! असलं सोडलं म्हनून आपन मानसात आलो. उद्या लोकं काय म्हनतील? यम.कॉम. झाला आन भुतं बघायला लागला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुज्या रिपोर्टात लिवनार हाईस हे? नऊ घरांच्या पोटावर? कुनी सांगितलं म्हनून लिवशील?"

मामा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सुनंदा मधे निरोप नेऊन द्यायची, "दादा, बाबा म्हणतायत जेवून घे."

मी ते तीन महिने खोडले. शाईच्या पेनाने, पट्टी धरून, तीन सरळ रेघा. आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या पानावर एकच वाक्य लिहिलं : 'फाऊंड्री चालू ठेवावी.' तसंही म्हणता येईल, असं काही नाही.

रिपोर्टची कॉपी मॅनेजरना देऊन परत निघालो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. टाइम ऑफिसला कुलूप होतं, क्लार्क स्टोअरमध्ये गेलेला. मी खिडकीवरून पुढे गेलो आणि आतून आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"खोडलंस?"

मी थांबलो.

"खोडून काय व्हतंय? त्ये मी नाय लिवलं. तू लिवलंस."

बाहेर भिंतीवरचं पंचिंग मशीन आपोआप टंगकन वाजलं. जवळ कुणी नव्हतं. मी पळालो. थेट रस्त्यापर्यंत.

नाडकर्णी सरांनी रिपोर्ट चाळला, शेवटचं पान दोनदा वाचलं. "चला," ते म्हणाले, "एकदाचा घेतलात निर्णय." त्या वर्षातलं त्यांचं माझ्याशी बोललेलं ते एकमेव चांगलं वाक्य. कारखान्यातूनही कळलं की फाऊंड्री निदान वर्षभर चालणार. नऊ जणांनी मिळून मला पेढे दिले. पाटील म्हणून एक फर्नेसवाले होते, त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, "आमचा सायेब रं हा!" त्यांचा हात मला आजही पाठीवर जाणवतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर मामांची पाठ धरली. साचा उचलताना लचक भरली म्हणाले. चार दिवस जमिनीवर झोपून होते, कमरेला पट्टा. मग एके दिवशी राजीनामा देऊन आले. मामी रडली, भांडली. "पोराची परीक्षा तोंडावर आन तुमी नोकरी सोडता?" मामा म्हणाले, "पाठच न्हाय तर काय करू?" महिन्याभरात वाशीच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. पगार अर्धा.

फेब्रुवारीअखेर फाऊंड्रीत आठ माणसं राहिली. मला ते कळत होतं. पण मी स्वतःला समजावलं — पाठ आहे, पाठीला काय आकडे माहीत असतात?

मार्चमध्ये, सकाळच्या पाळीत, भट्टीच्या तळाची वाळू ओली राहिली होती म्हणे. वितळलेलं लोखंड त्यावर गेलं आणि भट्टी फुटली. आठही जण आत होते. तिघं जागेवर गेले. बाकीचे एकेक करून हॉस्पिटलात. शेवटी पाटील गेले, तेव्हा महिना संपायला दोन दिवस होते.

मामा आठही घरी गेले. मी बरोबर होतो. पाटलांच्या बायकोने मला ओळखलं. म्हणाली, "ह्येंनी पेढे आनलं व्हतं तुमच्या नावानं." मामांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. त्या आकड्यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालो, औरंगाबादला एका कंपनीच्या कॉस्ट सेक्शनमध्ये लागलो. वर्षातून एकदा तुर्भ्याला जायचो. मामा चहा घ्यायचे, नोकरीचं विचारायचे, आणि माझ्या चेहऱ्याऐवजी माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत बोलायचे.

कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याच्या रिपोर्टवर कुणी कारखाना चालवत नाही, हे मला माहीत आहे. मालकांनी ठरवलं तेच झालं असतं. आकडे योगायोगाने जुळतात, हेही माहीत आहे. पण सगळेच्या सगळे, एकही फरक न पडता जुळलेलं बजेट-अ‍ॅक्चुअल मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पुन्हा पाहिलेलं नाही. तो म्हातारा कोण, त्याला आमचं वाईट करायचं होतं की तो आपल्या पद्धतीने बजावत होता, मला कळलेलं नाही. त्याच्या बोलण्यात कुणाच्या भल्याचं काही असेल, असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. तो कागद माझ्याकडे आहे. शाई फिकी पडली आहे. जांभळ्या टिका फिक्या पडलेल्या नाहीत. मला काहीही स्पष्टीकरण देता येत नाही.

एकच आधार होता. फेब्रुवारीचा आठ हा पाठीमुळे झाला, माझ्या सांगण्यामुळे नाही. म्हणजे त्या आकड्यांवर विश्वास ठेवून कुणीच काही केलं नव्हतं, मग खोडल्याचा दोष तरी माझा एकट्याचा कसा? ही पळवाट आहे हे कळत होतं, पण तिच्यावर मी इतकी वर्षं काढली.

मामा या पावसाळ्यात वारले. मला सुट्टी मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आणि गेल्या महिन्यात मामीचं पत्र आलं, सुनंदाच्या अक्षरात. ते जसं आहे तसं देतो.

"भास्करला आशीर्वाद. जायच्या आधी तुझे मामा एक बोलले, ते तुला कळवायचं की नको असं करत महिने गेले. त्यांच्या पाठीला काही झालं नव्हतं. तुझा कागद बघून नोकरी सोडली. नंतर फेब्रुवारी संपताना तीन दिवस सकाळी गेटावर जाऊन उभे राहिले, पाटीलभावजींना आणि बाकीच्यांना सांगायला. तिन्ही दिवस तोंडापर्यंत आलं. पण लोक विचारणार, तुला कुणी सांगितलं? मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणाले, आख्ख्या वाडीतलं पहिलं पोरगं एम.कॉम.ला बसलंय, त्याला लोक अंगाऱ्यावाला म्हणतील. म्हणून तिन्ही दिवस तसेच घरी परत आले."